सिरक्याचं एक मिनिट

दिवाळी अंकाच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "सिस्टर, नोकरीतला एखादा अनुभव लिहा. फक्त वाचकांना त्यातून काहीतरी स्पष्ट कळलं पाहिजे." अनुभव लिहायला माझी ना नाही. स्पष्ट कळण्याचं मात्र मी कबूल करत नाही, कारण ज्या कामाबद्दल लिहायला बसले आहे त्यातलं बरंच काही मला स्वतःलाच अजून कळलेलं नाही. रिटायर झाल्यावर डोकं शांत होईल आणि मग कळेल असं वाटलं होतं. डोकं शांत झालं, पण कळलं काहीच नाही.

मी मूळची वडशाची. भाताच्या गिरण्या आणि हिवाळ्यात भिंतीभिंतीवर नाटकांची पोस्टरं, अशा गावची. नर्सिंग करून सरकारी नोकरीत शिरले आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात बदल्या खात फिरले. बाळंतपणं केली, लसी टोचल्या, अस्वलानं ओरबाडलेली माणसं शिवायला मदत केली. नोकरी उताराला लागली तेव्हा एका मोठ्या सरकारी दवाखान्यात आले. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. तिथं तळमजल्यावर, एक्स-रेकडे जाणाऱ्या बोळीत, एक कोपऱ्यातली खोली होती. दारावर 'एआरटी सेंटर' असा बोर्ड. लोक तिला 'गोळ्यांची खोली' म्हणत. एचआयव्ही झालेल्यांना फुकट गोळ्या मिळायला लागल्याला तेव्हा फार काळ झाला नव्हता. दर महिन्याला यायचं, वजन करायचं, गोळ्या घेऊन जायचं. मी त्या खोलीची सिस्टर.

कामाचा आनंद होता, हे आधी सांगते. पाठुंगळीवर आणलेली माणसं काही महिन्यांनी स्वतःच्या पायांनी चालत येत आणि वजनकाट्यावर उभी राहून माझ्याकडे ऐटीत पाहत. पोंभुर्ण्याकडची एक विधवा पोर अशीच आली होती, हाडं आणि डोळे एवढंच उरलेली. गोळ्या लागू पडल्या, गालावर मांस आलं. एकदा म्हणाली, "सिस्टर, मी आता एड्सनं त नाई मरत ना?" मी छातीठोकपणे सांगितलं, नाही मरत. आणि ती एड्सनं मेली नाही. तिला अंगावरून रक्त जायला लागलं, ती लाजेनं बोलली नाही, आणि बोलली तेव्हा गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर पार पुढं गेलेला होता. नागपूरला नेली, पण उपयोग झाला नाही. माझं म्हणणं खोटं ठरलं नव्हतं. तरी पुढचे कित्येक दिवस त्या काट्यावर कुणाचं वजन वाढलं की मला आनंद करावा की नाही ते समजेना.

वरच्या मजल्यावर बायकांच्या विभागात एक डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी त्या पोरीला तपासलं होतं. एक दिवस त्या खाली आल्या आणि म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही या मुलींचं वजन पाहता, रक्त पाहता, छातीचा फोटो पाहता. गर्भाशयाचं तोंड कधी कुणी पाहिलं आहे का?" मी म्हटलं, नाही. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

जाणकारांनी पुढचा भाग सोडून दिला तरी चालेल, बाकीच्यांसाठी सांगते. हा कॅन्सर एका विषाणूमुळे होतो. एचआयव्हीपेक्षा तो वेगळा. नवरा-बायकोच्या संबंधातून लागतो, फार सर्रास लागतो, आणि बहुतेकींचं शरीर त्याला आपोआप हाकलून देतं. ज्यांच्या शरीराची राखण एचआयव्हीनं ढिली केलेली असते, त्यांच्यात तो ठाण मांडून बसतो. म्हणून या मुलींना, वय कोवळं असलं तरी, धोका जास्त. पण कॅन्सर एका रात्रीत होत नाही. आधी बराच काळ तिथली कातडी बिघडत जाते, दुखत नाही, खुपत नाही. तेव्हाच पकडलं तर पुढचं सारं टळू शकतं.

आणि पकडायचं कशानं, तर सिरक्यानं. हो, तोच, चायनीजच्या गाडीवर व्हिनेगर म्हणून असतो तो. पातळ केलेला सिरका कापसाच्या बोळ्यानं तिथं लावायचा आणि एक मिनिट थांबायचं. जागा चांगली असेल तर गुलाबी राहते, बिघडलेली असेल तर पांढरी पडते. डाग लहान असला तर त्याच टेबलावर गॅसच्या यंत्रानं तेवढी जागा गोठवून टाकायची. भूल नको, टाके नकोत. मॅडम हे कुठंतरी शिकून आल्या होत्या. मी स्टोअरमध्ये सिरका मागायला गेले तेव्हा तिथले भाऊ म्हणाले, "काऊन सिस्टर, पगार पुरत नाई वाटते. गाडी कुठी लावून राह्यल्या?" मी म्हटलं, तुमच्या घरासमोर.

पहिला घोळ जागेचा झाला. आम्ही मुलींना सांगायचो, वर जा आणि तपासून घ्या. त्या हो म्हणत आणि थेट बसस्टँड गाठत. वर बायकांच्या विभागात गावागावच्या लेकी-सुना रांगेत असत. तिथं कुणी विचारलं, कुठून आली, तर काय सांगायचं? मग मॅडमनीच टेबल खाली आणवलं. आमच्याच खोलीत पडदा लावला. गोळ्या न्यायला यायचं, आणि त्याच फेरीत पडद्याआड पाच-दहा मिनिटं. तेव्हा कुठं मुली थांबायला लागल्या.

थांबायला लागल्या म्हणजे समजून थांबायला लागल्या, असं नाही. एकीनं सारं ऐकून घेतलं, टेबलावर चढली, आणि मग म्हणाली, "पन माही पिशवी त कवाचीच काढली बाई." गावात गर्भाशयाला पिशवी म्हणतात. मग आधी का नाही सांगितलंस? तर म्हणे, तुम्ही एवढ्या मन लावून सांगून राह्यल्या होत्या. दुसरी एक झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या भागातल्या हिवाळी नाटकांत काम करणारी बाई. डाग निघाला. मी सांगितलं, गोठवल्यावर महिनाभर अंगावरून पाणी जाईल. ती उठूनच बसली. "सीझनमंदी नाई जमत. मी स्टेजवर उभी राहू का फडकी बदलू? होळी झाली की येतो." आणि होळी झाल्यावर खरंच आली. आमच्या प्रशिक्षणात पाणी जाईल एवढंच शिकवलं होतं. ते पाणी घेऊन बाईनं राहायचं कुठं, हे कुणी शिकवलं नव्हतं. तेव्हा मी तिच्यावर हसले आणि विसरून गेले.

त्यानंतर आली वनिता.

आलापल्लीच्याही पुढं, बस सोडून जंगलातून पायी जावं लागे अशा गावची. वय विशी-बाविशीचं. घर मासे धरणाऱ्यांचं, थोडी भातशेती. नवरा सुधाकर दर साली आंध्रात मिरची तोडायला जायचा. दोघंही एचआयव्हीचे, दोघंही गोळ्यांवर, सुदैवानं चार वर्षांची मुलगी निरोगी. घरी वनिताची सासू होती, फुलाबाई. तिला यातलं काही माहीत नव्हतं. घरी सांगून ठेवलं होतं की दोघांना सिकल आहे. सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, आमच्या भागात घरोघरी. त्याच्याही गोळ्या रोज खाव्या लागतात, त्यामुळे कुणी काही विचारत नाही. आमच्या खोलीतली निम्मी माणसं गावात सिकलची होती.

पडद्याआड सिरका लावला, मिनिट मोजलं, आणि वनिताचा डाग पांढरा दिसला. लहान होता, गोठवण्यासारखा. मी तिला बसवून समजावायला लागले.

"पयले तुमीच म्हटलं, गोळ्या खाल्ल्या त काई होत नाई," ती म्हणाली.

"हो, म्हटलं."

"मी एकबी नाई चुकवली."

"मला माहीत आहे. म्हणून तर तू धडधाकट आहेस."

"मंग हे कुठून आलं?"

मी दुसऱ्या विषाणूबद्दल सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे मले कॅन्सर हाये."

"नाही गं."

"मंग काऊन जाळता?"

"जाळत नाही, गोठवतो. पुढं होऊ नये म्हणून."

"नाई केलं त होईलच का?"

"होईलच असं नाही."

"आन केलं त?"

मी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी यंत्राकडे पाहिलं. "बहुतेक नाही होणार," त्या म्हणाल्या, "पण पुन्हा येऊन दाखवावं लागेल."

"तुमालेबी पक्कं मालूम नाई वाटते," वनिता म्हणाली. तक्रार म्हणून नाही, एखाद्या आजारी माणसाची कीव करावी तसं. मला त्या पोरीचा राग आला आणि लगेच स्वतःचा आला, कारण तिनं आमची नाडी बरोबर पकडली होती. मग तीच म्हणाली, "करा. पोरगी लहान हाये माही."

गोठवून झालं. मी नेहमीच्या सूचना दिल्या. पाणी जाईल, मध्ये थोडं लालसर दिसेल, घाबरू नको. महिनाभर नवऱ्यापासून दूर. जड उचलायचं नाही, तळ्यात-नदीत उतरायचं नाही. ताप आला, वास यायला लागला तर लगेच ये. तिनं एकेक गोष्ट परत म्हणून दाखवली आणि गोळ्यांची पिशवी पदराखाली धरून गेली.

पंधरवड्यानं सुधाकरच्या गोळ्यांचा दिवस होता, तो एकटाच आला. वनिता कुठं आहे विचारलं तर नखं पाहायला लागला.

"ते कुर्म्यात हाये जी."

"पाळी आली असेल. किती दिवस झाले?"

"तवापासून. तुमी ते केलं ना, तवापासून."

कुर्मा म्हणजे काय ते सांगायला हवं. त्या भागातल्या गावांत वस्तीच्या कडेला एक खोपडी, लहानशी झोपडी, असते. पाळीच्या दिवसांत बाई घर सोडून तिथं जाऊन राहते. घरातल्या भांड्याला, धान्याला शिवत नाही. घरची एखादी बाई जेवण आणते आणि अंतरावर ठेवते. पुरुष तिकडं फिरकत नाही. वनिताचं गाव गोंडांचं, तिचं घर वेगळ्या जातीचं, पण रीत साऱ्या गावाची एकच. त्यात तिच्या घरी आणखी एक धाक. अशी बाई जाळ्याजवळून गेली तर जाळ्याला मासा लागत नाही म्हणतात.

आता पाणी जातं आहे आणि मधूनच ते लाल दिसतं, अशी बाई घरातली की बाहेरची? आम्हाला हा प्रश्न सुचलाच नव्हता. वनिताच्या गावानं मात्र लगेच उत्तर दिलं होतं.

मी सुधाकरला विचारलं, "आणि तिच्या गोळ्या?"

"गोळ्या तांदळाच्या ढोलीत राह्यतेत. मायले दिसू नये म्हनून."

ढोली म्हणजे धान्याची मोठी कणगी. वनिता धान्याला शिवू शकत नव्हती, म्हणजे गोळ्यांनाही नाही.

"तू नेऊन दिल्यास का?"

"मानूस जात नाई जी तिकडं."

"मग तिला कोण देतं?"

"मले मालूम नाई," तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरले.

या गोळ्यांचं एक वाईट आहे. मध्येच थांबल्या की शरीरातला विषाणू त्यांना सरावतो, आणि मग त्याच गोळ्या पुन्हा सुरू केल्या तरी लागू पडत नाहीत. त्यावर चालणाऱ्या दुसऱ्या गोळ्या तेव्हा आमच्याकडे नव्हत्या. म्हणजे पुढं कधीतरी कॅन्सर होऊ नये म्हणून आम्ही डाग काढला, आणि त्या काढण्यामुळे आज तिला जगवणाऱ्या गोळ्या बंद पडल्या. मी वर जाऊन मॅडमना सांगितलं. खाली पडद्याआड दुसरी एक मुलगी टेबलावर वाट पाहत होती, तिचाही डाग पांढरा निघाला होता. "हिचं करायचं की नाही?" मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "मला सांगता येत नाही सिस्टर." शिकलेल्या, हुशार बाई, पण त्या दिवशी आम्ही दोघी एकमेकींकडे येड्यासारख्या पाहत होतो.

गावी जायला हवं होतं, पण जायचं कसं? आमच्या खोलीची सिस्टर दारात उभी राहिली आणि कुणी ओळखलं तर वनिताचं घर उघडं पडलं. शेवटी तिच्या गावाच्या उपकेंद्रातल्या सिस्टरला निरोप दिला की मी सिकलच्या तपासणीला येते आहे. सिकलच्या गोळ्यांचे डबे पिशवीत भरले. खोट्या कामासाठी इतकी खरी तयारी मी कधी केली नव्हती.

आलापल्लीपर्यंत बस. पुढं उपकेंद्रातल्या सिस्टरबरोबर सागवानाच्या जंगलातून पायी. वाटेत ती मला गावातल्या सिकलवाल्यांची माहिती देत होती आणि मी हो-हो करत होते. मनात एकच चाललं होतं की पोरगी कशा अवस्थेत सापडेल. सासूबद्दल माझ्या मनात काय काय होतं ते लिहीत नाही. त्या वेळी फुलाबाई मला भेटली असती तर मी तिच्याशी नीट बोलले नसते.

फुलाबाई अंगणात सुकट निवडत बसली होती. काटक म्हातारी, कपाळावर गोंदण. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"सिकलवाली सिस्टर का?"

"हो बाई."

"वनिताले पाहाले आली?"

"गावातल्या सगळ्यांनाच पाहते आहे."

"बरं. चाल, दाखवतो."

हात पुसून ती पुढं निघाली. खोपडी दिसल्यावर थोडी अलीकडेच थांबली, आणि उपकेंद्रातली सिस्टरही तिच्याजवळ उभी राहिली. मी एकटी पुढं गेले. खोपडी बुटकी होती, एका बाजूनं काटक्यामातीचा कूड पडलेला. आत अंधार. मागच्या पावसाळ्यात इथं साप निघाल्याचं सिस्टरनं वाटेत सांगितलं होतं. काही लोक हल्ली या खोपड्यांचं कौतुक करतात, त्यांनी त्यात एक पावसाळा काढावा, मग बोलावं.

दारात आणखी दोन बाया गप्पा मारत होत्या, आणि त्यांच्यात वनिता, मोळाच्या गवताचा झाडू बांधत. चेहरा तकतकीत. मला पाहून हसली. मी तिला बाजूला घेतलं आणि कुजबुजत विचारलं, "गोळ्या?"

"खातो ना. सकाळ-संध्याकाळ."

"कोण आणतं?"

"सासू. भाताच्या द्रोनात ठेवून आनते."

"तिला कुठं ठेवल्यात ते माहीत होतं?"

"ढोलीतून तांदूळ कोन काढते मंग? तेच त काढते. पयल्याच दिवशी द्रोनात गोळ्या होत्या. मी काई बोलली नाई, तेबी काई बोलली नाई."

माझा जीव भांड्यात पडला, पण डोकं आणखीच फिरलं. मी विचारलं, "पाणी जाणं थांबलं का?"

"कवाचं थांबलं."

"मग घरी का गेली नाहीस? इथं कशाला बसलीस?"

तिनं माझ्याकडे नवलानं पाहिलं. "तुमीच सांगतलं ना जी. महिनाभर नवऱ्यापासून दूर, पान्यात नाई, वझं नाई. घरी गेली की झिंगे धराले कमरेवर पान्यात उतरा लागते. धानाची पेंडी उचला लागते. नवरा का दूर झोपते? आमच्या गावात तुमी सांगतलं तसं राहाची जागा हेच एक हाये. सासूच म्हनते, महिना होऊ दे, मंग ये."

मी तिला सोडवायला गेले होते. आता कशातून सोडवू, तेच कळेना. जी खोपडी बंद व्हायला पाहिजे असं मी नोकरीभर सांगत आले, तिनंच माझ्या सूचना कुठल्याही वॉर्डापेक्षा नीट पाळून दाखवल्या होत्या. आणि ती तरीही वाईटच होती. कूड पडलेला होता, साप खरा होता. या दोन गोष्टी एकाच डोक्यात कशा ठेवायच्या हे मला तेव्हा जमलं नाही आणि आजही जमत नाही.

परतताना फुलाबाई गावाच्या कडेपर्यंत आली. उपकेंद्रातली सिस्टर पुढं निघून गेली होती.

"एक इचारू का सिस्टरबाई?"

"विचारा ना."

"सिकलच्या गोळ्या हे सिस्टर घरी आनून देते. साऱ्या गावाले देते. माह्या पोराले आन सुनेलेच बसनं एवढ्या दूर काऊन जा लागते?"

इतक्या वर्षांत मी किती लोकांना किती थापा मारल्या असतील, पण त्या क्षणी एक सुचेना. "त्यांचं जरा वेगळं आहे बाई," मी म्हटलं.

"असन," ती म्हणाली. "मले का समजते." आणि सुकट निवडायला निघून गेली.

त्यानंतर पडद्याआड आम्ही आणखी एक प्रश्न विचारू लागलो. तुझ्या घरी बाहेर बसतात का? बसत असतील तर गोळ्या बरोबर ठेव, झाडूत बांध, लुगड्याच्या घडीत बांध, पण जवळ ठेव. कुणासाठी शेतीचं काम संपेपर्यंत थांबलो, कुणासाठी माहेरी जायचं निमित्त शोधलं. काहींचं साधलं. एक मुलगी कुर्म्याचं विचारताच उठून गेली. तिला कितीदा निरोप धाडले, ती पुन्हा पडद्याआड आली नाही. तिची आठवण मला वनिताइतकीच येते. वनिताचंही अजून काही ठरलेलं नव्हतं. डाग परत येऊ शकतो, आणि या मुलींमध्ये तो परत येण्याची भीती जास्त असते. तिनं पुन्हा येऊन दाखवणं बाकी होतं.

गोळ्यांना ती दर महिन्याला येत होतीच, दाखवायला मात्र दुसऱ्या वर्षी धान निघाल्यावर आली. बरोबर फुलाबाई.

मी दारातूनच पाहिलं आणि दचकले. दोघी आमच्या खोलीसमोरच्या बाकावर बसल्या होत्या, नेमक्या बोर्डाखाली. एव्हाना त्या बोर्डाचा अर्थ तालुक्या-तालुक्यात पोचला होता. म्हणूनच आमच्या मुली त्या बाकावर कधी बसत नसत, लांब चिंचेखाली थांबत आणि नाव पुकारलं की पटकन आत शिरत. मी वनिताला खुणेनं आत बोलावणार, तेवढ्यात बोळीतून एक माणूस हात गळ्यात बांधून एक्स-रेकडे निघालेला दिसला. वनिताचा चेहरा पांढरा पडला. तो त्यांच्या गावचा कोतवाल होता.

तो थांबला. बोर्डाकडे पाहिलं, मग वनिताकडे पाहिलं.

"इथी कशी वो बाई?" तिलाच विचारलं.

फुलाबाई मोठ्यानं म्हणाली, "माही तपासनी हाये. मले घेऊन आली सून. मले एकटीले बस कुठी समजते?"

कोतवालानं पुन्हा बोर्ड वाचला. या खेपेला म्हातारीकडे पाहिलं, बराच वेळ. मग पुढं गेला.

मी दोघींना आत घेतलं, दार लावलं. "फुलाबाई, अहो, हे काय केलंत? आता गावभर तुमचं नाव होईल."

"होऊ दे. माहा का आता पाट लावाचा हाये?" ती म्हणाली. पाट लावणं म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. तेवढं बोलून तिनं पदर सारखा केला. "हिले पाहा पयले."

वनिता टेबलावर चढली. मॅडमनी दिवा सारखा केला, मी बोळा भिजवून दिला. सिरका लागला. एक मिनिट थांबायचं असतं. आयुष्यात इतक्या वेळा ते मिनिट मोजलं, पण त्या दिवशी घड्याळ बंद पडलं की काय असं वाटून मी ते दोनदा पाहिलं. मॅडम वाकून पाहत होत्या. मग सरळ झाल्या आणि मला म्हणाल्या, "तुम्ही पाहा." मी पाहिलं. सगळं गुलाबी होतं, कडेकडेपर्यंत गुलाबी. वनिताला सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "पक्कं?" आणि मॅडम म्हणाल्या, "आजचं पक्कं." ती टेबलावर पडल्या पडल्या रडली आणि मीही रडले.

ती साडी नीट करून खाली उतरली तर फुलाबाई पडद्याशी उभी. "आता मले पाहा."

"तुम्हाला कशाला बाई? तुमची तपासणी इथं नसते. वर बायकांचा विभाग आहे, हवं तर मी घेऊन जाते."

"नाई. इथीच पाहा." ती टेबलाला हात लावून चढायची जागा शोधायला लागली. "बाहेर मी सांगून बसली, माही तपासनी हाये म्हनून. आता मले खोटं बोलाले लावता का?"

तिला नेमकं काय माहीत होतं आणि काय नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी कधी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही. मॅडमनी मला मान हलवून खूण केली. वनितानं सासूला हात देऊन वर चढवलं, पायांवर चादर घातली. मी ताजा बोळा सिरक्यात बुडवला.

"किती टाइम लागते?" फुलाबाईनं विचारलं. आवाज एवढा मोठा की बोळीतल्या एक्स-रेच्या रांगेपर्यंत जावा.

"एक मिनिट," मी म्हटलं, आणि तिच्याएवढ्याच मोठ्यानं म्हटलं.